शब्दचर्चा : सिंफनीतल्या 'डेव्हलपमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

रविवारची श्रोती :

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सातआठ जण कुणाच्या तरी घरी जमतो आणि पाश्चात्त्य संगीतातली एखादी रचना मध्ये न बोलता ऐकतो. मग चहा आणि गप्पा. ज्याची पाळी असेल त्याने आधी दोन पानांचं टिपण मराठीत लिहून पाठवायचं. या वेळी पाळी माझी, आणि रचना जर्मन संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची, अनेक भागांची मोठी रचना), तिचा फक्त पहिला भाग. साधारण बारा-तेरा मिनिटांचा.

गटातले बहुतेक जण ख्याल आणि नाट्यपदं ऐकत वाढलेले. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, कुणालाच वाचता येत नाही. अशा भागात आधी सुरावटी मांडतात, मग त्यांचे तुकडे करत दूर जातात, मग त्या परत येतात, आणि शेवट. पण त्यासाठी 'एक्स्पोझिशन, डेव्हलपमेंट, रिकॅपिट्युलेशन, कोडा' अशी रांग लावून मला मोकळं व्हायचं नाही. मागच्या दोन टिपणांत तसं केलं होतं. वाचताना सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ऐकताना त्या शब्दांचा कुणालाच काही उपयोग झाला नाही.

या सगळ्या रचनेला, 'सोनाटा फॉर्म'ला, मी 'सोनाटाचा घाट' म्हणणार आहे. भांड्याचा घाट, कवितेचा घाट, तसा हा. एक्स्पोझिशनला 'मांडणी', त्याबद्दल मनात शंका नाही. 'बार' (ठरावीक मात्रांचा एक तुकडा) तसाच ठेवते, कारण 'आवर्तन' लिहिलं तर मंडळी सम शोधत बसतील. अडलंय ते 'डेव्हलपमेंट'पाशी, आणि थोडंफार 'रिकॅपिट्युलेशन'पाशी. शब्दकोशातला 'विकास' नको वाटतो. तो ऐकला की रस्ते आणि धरणं आठवतात. काय म्हणावं?

तानपुरा :

'बढत' हा आपला तयार शब्द आहे की! बीज आधी मांडायचं आणि मग त्यातून काय काय निघतं ते दाखवत पुढे जायचं. तुमच्या मंडळींना एका शब्दात कळेल.

तुमचा प्रश्न वाचून ही सिंफनी ऐकली आणि सुरुवात हार्मोनियमवर काढून पाहिली. पांढरी तीन हा सा धरला, तर व्हायोलिनचे पहिले आठ स्वर असे येतात : प ग सा ध म रे नी प. गंधार आणि धैवत कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे किरवाणी रागाचे स्वर! सातही स्वर एकेकदा येऊन जातात आणि आठवा पुन्हा पंचम. प्रत्येक स्वर आधीच्या स्वरापासून मधला एक सोडून खाली. मधूनमधून सप्तक बदलल्यामुळे ती सरळ उतरण वाटत नाही, हिंदोळा वाटतो. दोन स्वर, मग विसावा. पुन्हा दोन स्वर, विसावा. इतक्या साध्या हिशेबातून इतकं व्याकूळ काही निघावं, याचं मला अजून आश्चर्य वाटतंय.

अर्थशोधक :

मी जर्मन शिकवते, म्हणून ब्राम्सच्या भाषेतून दोन गोष्टी सांगते.

ज्याला इंग्रजीत 'मूव्हमेंट' म्हणतात त्याला जर्मनमध्ये 'ज़ात्स' म्हणतात. याच शब्दाचा व्याकरणातला अर्थ 'वाक्य'. मूळ क्रियापदाचा अर्थ ठेवणं, बसवणं. म्हणजे इंग्रजी शब्दात हालचाल आहे आणि जर्मन शब्दात नीट बसवलेली, पुरी झालेली गोष्ट आहे. मराठीत 'भाग' पुरे. 'चलन' कुणी सुचवलं तर घेऊ नका, ते रागाचं असतं.

दुसरा शब्द 'डेव्हलपमेंट'चा. जर्मनमध्ये त्याला 'डुर्शफ्युरुंग' म्हणतात. 'डुर्श' म्हणजे आरपार, 'फ्युरेन' म्हणजे नेणं. आरपार नेणं, तडीस नेणं. एखादं काम पार पाडण्यालाही रोजच्या बोलण्यात हाच शब्द वापरतात. फ्यूग नावाच्या रचनाप्रकारात विषय, म्हणजे मुख्य सुरावट, एकेका आवाजातून फिरवून आणतात, त्यालाही जर्मन लोक हेच म्हणतात. त्यात वाढ किंवा विकास असा अर्थ मुळीच नाही, प्रवास आहे.

आणखी एक. या घाटाचं शास्त्र हायडन-मोझार्ट या संगीतकारांनंतर बसवलं गेलं. 'सोनाटा फॉर्म' हे नाव पक्कं केलं ते जर्मन संगीतशास्त्रज्ञ आडोल्फ बेर्नहार्ड मार्क्स यांनी, १८४५ च्या आसपास. तेव्हा ब्राम्स बारा वर्षांचा मुलगा होता. पहिला विषय पुरुषी आणि दुसरा स्त्रीसुलभ ही कल्पनाही मार्क्स यांचीच. तुमच्या टिपणात ती कृपा करून आणू नका. या भागात दुसरा विषय चेलो आणि हॉर्न छाती भरून गातात, त्याला नाजूक म्हणणं कानावर अन्याय आहे.

रविवारची श्रोती :

'पुरुषी-बायकी' येणार नाही, शब्द देते.

तानपुरा, किरवाणीचं वाचून मी उठून पेटी काढली. हे टिपणात पहिल्याच परिच्छेदात जाईल. पण 'बढत'बद्दल अडचण आहे. बढतीत षड्ज हलत नाही. तानपुरा सुरू असतो, आणि गायक कितीही दूर गेला तरी आपल्याला घर ऐकू येत असतं. इथे मधल्या भागात घरच दिसेनासं होतं. ई मायनरमधून (पांढरी तीनच्या षड्जावरून) जी मायनर, तिथून पुढे आणखी कुठे कुठे. 'बढत' लिहिलं तर मंडळी सा धरून बसतील आणि पाच मिनिटांत त्यांना वाटेल की वाद्यवृंद बेसूर झाला.

तानपुरा :

पटलं. माझं नावच तानपुरा असल्यामुळे ते आधी सुचलं नसावं.

'षड्जचालन' हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो क्षणापुरता. गवई दुसऱ्या स्वराला सा मानून एक झलक दाखवतो आणि लगेच घरी येतो. शंभर बार बाहेर राहणं म्हणजे काय, ते आपल्या संगीतात दाखवायला उदाहरण नाही. 'पट्टी बदलणं'ही बरोबर नाही. पट्टी बदलली की अख्खं गाणं उचलून दुसरीकडे ठेवतात, पण गाण्याच्या आत काही हलत नाही.

कीर्तनवेडा :

मला पाश्चात्त्य संगीत कळत नाही. वडील नारदीय कीर्तन करायचे, तेवढ्या जोरावर लिहितो.

कीर्तनात आधी मूळ अभंग घेतात. मग पूर्वरंगात त्याचं निरूपण. एकेक चरण, एकेक शब्द सुटा करायचा, उलटसुलट पाहायचा, दृष्टान्त द्यायचा. मग उत्तररंगात आख्यान. आणि शेवटी बुवा फिरून त्याच मूळ अभंगावर येतात. अभंग तोच, पण ऐकणारा तोच राहिलेला नसतो. तुम्ही वर्णन करताय ते मला फार ओळखीचं वाटलं. 'डेव्हलपमेंट'ला 'निरूपण' म्हणून पाहा.

अर्थशोधक :

कीर्तनवेडा, किती छान सांगितलंत. 'शेवटी त्याच अभंगावर' हे तर थेट लागू आहे.

पण 'निरूपण' हा शब्द मला एका कारणासाठी थांबवतो. निरूपणात अभंग आणि त्यावरचं बोलणं वेगळं असतं. बोलणारा अभंगाच्या बाहेर उभा असतो. इथे बाहेरचं कुणी नाही. सुरावटीची चर्चा सुरावटीच्याच तुकड्यांनी होते. तुमच्याच वाक्यातलं 'सुटा करायचा' घेते आणि विचारते, 'फोड' कसा वाटतो? संधीची फोड करतो, फोड करून सांगतो. मोडणं आणि समजावणं, दोन्ही एका शब्दात आहेत.

तानपुरा :

'फोड' उत्तम. पहिल्या सुरावटीची दोन स्वरांची जोडी तिथे खरोखरच सुटी होते. कधी नुसती एक जोडी या वाद्याकडून त्या वाद्याकडे जाते. त्याला दुसरा शब्द लावायचीच गरज नाही.

रविवारची श्रोती :

'फोड' लिहून ठेवला. पण एक सांगते, मन पूर्ण भरलं नाही. फोड म्हटल्यावर टेबलावर बसून शांतपणे केलेलं काम वाटतं. इथे ऐकताना भीती वाटते, ती शब्दात येत नाही.

सेकंड व्हायोलिन :

मी मूळचा मडगावचा. मुंबईत वाद्यवृंदांत बरीच वर्षं दुसऱ्या रांगेतलं व्हायोलिन वाजवलं, ब्राम्स चौथी दोनदा. आम्ही वाजवणारे 'डेव्हलपमेंट' वगैरे फार बोलत नाही. 'एकशेपंचेचाळीसपासून घ्या' म्हणतो. तर त्या एकशेपंचेचाळीसबद्दलच सांगतो, कारण तुमच्या चर्चेत तो बार अजून आलाच नाही.

ब्राम्सच्या पहिल्या तिन्ही सिंफनींत पहिल्या भागाची मांडणी संपली की परत फिरून ती पूर्ण वाजवायची खूण आहे. चौथीत ती खूणच नाही. पण १४५ व्या बारला काय होतं? अगदी सुरुवातीची सुरावट, त्याच ई मायनरमध्ये, तशीच हळू. ज्याला घाट माहीत आहे तो म्हणतो, आलं, आता पुन्हा पहिल्यापासून. आठ बार तसंच चालतं. आणि मग एका ठिकाणी पायाखालची जमीन बाजूला सरकते. स्वर तेच असतील असं वाटत असताना वाट दुसरीच निघते. फोड तिथून सुरू झालेली असते आणि आपल्याला ते आठ बार उशिरा कळतं.

दुसऱ्या वेळी वाजवताना कंडक्टर आम्हाला म्हणाले होते, इथे काहीही वेगळं दाखवू नका, चेहऱ्यावरसुद्धा नाही.

मोडीवाचक :

सेकंड व्हायोलिन यांचं वाचून अंगावर काटा आला. याला मराठीत शब्द आहे. चकवा.

माझं आजोळ देवरुखजवळ. रात्री गड्यामाणसांना रानात चकवा लागायचा. माणूस ओळखीच्या जागेवरून निघतो, वाट पायाखालची असते, चालतो चालतो आणि भलतीकडे जातो. आणि पहाटे बघतो तर निघाला होता तिथेच उभा. आजी सांगायची, चकवा लागला असं कळलं की चालू नये. आहे तिथे बसावं, तांबडं फुटेपर्यंत.

सेकंड व्हायोलिन :

मोडीवाचक, तुम्ही ही सिंफनी ऐकली आहे का? 'बसावं' म्हणालात म्हणून विचारतो.

मोडीवाचक :

नाही. आज रात्री ऐकतो.

सेकंड व्हायोलिन :

मग पुढचं सांगतो. २४६ वा बार. इथे मूळ सुरावट परत येते, म्हणजे ज्याला रिकॅपिट्युलेशन म्हणतात ते. पण ती सुरावट ओळखू येत नाही! लाकडी फुंकवाद्यं पहिले चार स्वर, प ग सा ध, लांबच लांब, अगदी हळू धरतात. मग ते थांबतात आणि आम्ही तंतुवाद्यवाले खालून नुसती कुजबुज करतो, लाटेसारखी वरखाली. मग पुढचे चार स्वर, म रे नी प, तसेच लांब. पुन्हा कुजबुज. सुरुवातीला जे चार बारांत झालं होतं त्याला इथे बारा-तेरा बार लागतात. सगळा वाद्यवृंद खाली बसल्यासारखा होतो. आणि मग पाचव्या बारापासूनची मूळ चाल नेहमीच्या वेगाने अशी निघते, जणू मध्ये काही झालंच नाही. त्या क्षणी कळतं की आपण कधीचे घरी येऊन बसलो होतो.

वाजवताना तिथे माझा हात दोन्ही वेळा थरथरला. सूर सोपे आहेत, अवघड काही नाही.

रविवारची श्रोती :

मी हा भाग निदान तीस वेळा ऐकला असेल आणि २४६ व्या बारावर दर वेळी मला 'अजून फोडच चालू आहे' असंच वाटत आलं. तो माझा दोष समजत होते. आता कळलं की ब्राम्सला तेच हवं होतं.

मोडीवाचक, 'चकवा' घेतला. ओळखीच्या जागेवरून निघणं, भलतीकडे जाणं, थांबून बसणं आणि उजाडल्यावर आपलंच अंगण दिसणं. चारही गोष्टी जशाच्या तशा आहेत.

अर्थशोधक :

एक सावधगिरी. 'चकवा' हा या रचनेचा शब्द ठेवा, घाटाचा नको. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागातल्या 'डेव्हलपमेंट'ला चकवा म्हणता येणार नाही. तिथे वाट कधीच सुटत नाही. सर्वसाधारण शब्द 'फोड', आणि ब्राम्सच्या चौथीच्या या भागापुरता 'चकवा'.

आणि 'फोड'ची मर्यादाही सांगून टाका. संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी १९३३ मध्ये, ब्राम्सच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, रेडिओवर भाषण केलं होतं. ब्राम्स जुन्या वळणाचा नाही, पुढचं पाहणारा आहे, असं त्यांचं म्हणणं. एका छोट्या बीजाचं सतत रूप बदलत पुढे जाणं ही त्यांनी ब्राम्सची खूण मानली. ते या भागात पहिल्या मिनिटातच दिसतं. एकोणिसाव्या बारला सुरावट दुसऱ्यांदा येते तेव्हाच ती बदललेली असते. म्हणजे फोड मांडणीतच सुरू होते. मधल्या भागाचं वेगळेपण फोडीत नाही, षड्ज सुटण्यात आहे. म्हणूनच तुमचं मन त्या शब्दाने भरत नव्हतं.

तानपुरा :

आता रिकॅपिट्युलेशन. त्याला 'समेवर येणं' म्हणावं असं माझ्या मनात होतं, ते मागे घेतो. सम ठरलेल्या जागी येते आणि सगळ्यांची मान एकदम हलते. इथे तर कुणाचीच हलत नाही.

कीर्तनवेडा :

'पालुपद'ही नको मग. पालुपद दर वेळी जसंच्या तसं येतं.

मोडीवाचक :

ऐकलं. दोनदा.

'पुनर्भेट' कसा वाटतो? 'पुनरावृत्ती'त वस्तू परत येते. 'पुनर्भेटी'त दोघं असतात, आणि मध्ये काळ गेलेला असतो. ओळख पटायला वेळ लागला तरी ती भेटच.

अर्थशोधक :

सुंदर. आणि यात एक तांत्रिक गोष्टही बसते. मांडणीत चेलो-हॉर्नचा विषय बी मायनरमध्ये होता, परमुलखात. पुनर्भेटीत तोच विषय ई मायनरमध्ये येतो. तोही आता या घरचा झालेला असतो. हा सगळा घाट उभा आहे तो या एका गोष्टीवर. तानपुरा यांच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सातवर गायलेलं पद आता पांढरी तीनवर.

रविवारची श्रोती :

कोडा राहिला. मूळ इटालियन अर्थ शेपूट. 'समारोप' लिहिणार होते, पण तो सभेचा वाटतो, आणि इथला कोडा काही आवरतं घेत नाही. जे आतापर्यंत हळू आवाजात होतं तेच इथे ओरडून सांगतो.

कीर्तनवेडा :

'कळस'.

रविवारची श्रोती :

घेतला.

टिपणाचा मसुदा खाली देते. काही खटकलं तर आजच सांगा, उद्या पाठवायचं आहे.

"ब्राम्सने ही सिंफनी १८८४ आणि १८८५ च्या उन्हाळ्यांत ऑस्ट्रियातल्या म्युर्झत्सुश्लाग या डोंगराळ गावी लिहिली. २५ ऑक्टोबर १८८५ ला जर्मनीतल्या मायनिंगेन इथे त्याने स्वतः ती पहिल्यांदा वाजवून घेतली. त्याआधी व्हिएन्नात मोजक्या मित्रांपुढे दोन पियानोंवर ती ऐकवली होती, एका पियानोवर ब्राम्स, दुसऱ्यावर इग्नात्स ब्र्युल. पानं उलटायला समीक्षक हान्सलिक होते, ब्राम्सचे जुने चाहते. पहिला भाग संपल्यावर ते म्हणाले की दोन भयंकर बुद्धिमान माणसं आपल्याला बडवून काढताहेत असं वाटलं. इतक्या जवळच्या माणसालाही हे पहिल्यांदा पेललं नाही, तेव्हा आपल्याला नाही पेललं तर निराश होऊ नये.

आलाप नाही. ब्राम्सने सुरुवातीला चार बारांची प्रस्तावना लिहून पाहिली आणि खोडून टाकली. व्हायोलिन एकदम बोलू लागतात, मधूनच, आपण दार उघडून आत आलो आणि कुणी आधीपासून बोलत होतं अशी. दोन स्वर आणि विसावा : पग, साध, मरे, नीप. किरवाणीचे स्वर आहेत, पण किरवाणी शोधू नका. ही जोडी फक्त कानात ठेवा.

मांडणीत पुढे फुंकवाद्यांची एक तुतारीसारखी ललकारी येईल, आणि लगेच चेलो-हॉर्नचं भरल्या गळ्याचं गाणं. त्यानंतर कधीतरी तुम्हाला वाटेल की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तो चकवा. तिथून पुढे षड्ज शोधू नका, सापडणार नाही. तीच ललकारी, तीच जोडी, पण अनोळखी रानात.

एका ठिकाणी सगळं थांबल्यासारखं होईल. फुंकवाद्यांचे चार लांब स्वर. खाली कुजबुज. आणखी चार लांब स्वर. मोजत बसू नका, फक्त मनात पग साध मरे नीप म्हणून पाहा. ही पुनर्भेट आहे.

शेवटी कळस. ज्या जोड्या सुरुवातीला व्हायोलिननी दबक्या आवाजात म्हटल्या त्याच आता चेलो-बास पूर्ण जोराने म्हणतात आणि वरची वाद्यं त्यांच्या मागोमाग तेच म्हणत धावतात. मायनर पट्टी शेवटपर्यंत सुटत नाही. पहाट झाली तरी ऊन पडत नाही. अखेरच्या चार बारांत टिंपनीचे (वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांचे) टोले षड्जावर, आणि भाग संपतो."

सेकंड व्हायोलिन :

सगळं बरोबर आहे. फक्त 'दबक्या आवाजात' काढा. तिथे आम्ही हळू वाजवतो, दबून नाही वाजवत.